पूर्वेच्या अंगाचा आवाज

यंदा फाल्गुनातच टँकर सुरू झाले. गावाकडून पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "आत्या, हापसा नुसता वारा फेकतोय. तुम्ही उन्हाळ्यात येऊ नका, अंघोळीचे वांधे होतील." मी म्हटलं, बाबा रे, अंघोळीचे वांधे मला काही नवे नाहीत. तो हसला. त्याला वाटलं आत्या गंमत करते. फोन ठेवला आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून पाहिला. पाणी आलं. बंद केला. नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण चैत्र जवळ आला की हे माझ्याकडून होतंच. कुणी विचारलं तर मी वॉशर बघत होते म्हणून सांगते.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, तेरणा नदीपासून दोनेक कोसांवर. धरण नंतर झालं. मी सांगते तो उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळाचा, पावसानं लागोपाठ तोंड फिरवल्यानंतरचा. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायला. सकाळी मायबरोबर नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावर पाण्याला, मग दुष्काळी कामावर खडी फोडायला, दुपारी सुकडीच्या रांगेत. त्या सुकडीचा गोडसर, भाजक्या पिठाचा वास अजून कुठं आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि लगेच मळमळतंही. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची, त्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी लालभडक व्हायची आणि तव्यावरून उतरेपर्यंत तिला चिरा पडायच्या. माणसं कमी बोलायची. बोललं की तहान लागते, असं आमच्या वस्तीतल्या बायका खरंच म्हणायच्या. कडुलिंबाला मात्र नेहमीसारखा मोहर आला होता. सगळा शिवार करपलेला आणि हा आपला मजेत घमघमतोय, याचा मला राग यायचा. अजूनही मला लिंबाचा मोहर आवडत नाही. लोक त्यावर छान छान लिहितात, लिहू देत.

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर घरातले देव गेले, वस्तीत पंचशील आलं, पोरं शाळेत गेली. विहीर मात्र जिथल्या तिथं राहिली. गावची विहीर वस्तीच्या वर, पूर्वेच्या टेकाडावर, आणि तिच्या काठावर आमची घागर चालत नसे. एरवी कुणी भल्या मनाची बाई वरून पाणी ओतायची. त्या उन्हाळ्यात त्या विहिरीचाही तळ दिसायला लागला आणि भली मनंही आटली. पण कोरड्या विहिरीला विटाळ नसतो. गावात कुणाची विहीर आटली की तिच्या तळाशी उतरायला माझे वडीलच लागायचे.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पाथरवट नव्हते, पाणाड्याही नव्हते. निजामाच्या काळापासून ते विहिरी खणायचे, सुरुंग उडवायचे आणि खडकात पाणी कुठल्या अंगाला आहे ते ऐकून सांगायचे. सुरुंगांनी त्यांचे कान घालवले होते. समोर उभं राहून बोललं तर ओठ बघून त्यांना कळायचं, पाठमोऱ्या माणसाला काही सांगायचं तर ओरडावं लागायचं, आणि विहिरीच्या तळाशी असले तर सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "बहिरा पानी ऐकतोय," म्हणून लोक चेष्टा करायचे आणि पुन्हा बोलावणंही त्यांनाच पाठवायचे. कारण दादा कानांनी ऐकतच नव्हते. ते पहारीचं एक टोक खडकाच्या भेगेत रोवायचे, दुसरं टोक दाताखाली घट्ट धरायचे आणि डोळे मिटून बसायचे. खडकातला आवाज लोखंडातून दातांत यायचा, दातांतून डोक्यात. आवाज आला की उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. काठावरची माणसं श्वास धरून त्या बोटाकडं बघत राहायची.

पुढं माझ्या पोटापाण्याचं कामही असलंच निघालं, याचं मला कधी हसू येतं. वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाले आणि समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेत तंत्रसाहाय्यक म्हणून लागले. तिथं काचेच्या धाग्यानं पाण्याखालचे आवाज ऐकायचं काम चालू होतं. तेव्हा ते अगदी नवं होतं. केसाहून बारीक धागा, त्यातून उजेड सोडायचा. एकाच उजेडाचे दोन वाटे करायचे. एक वाटा पाण्यात बुडवलेल्या धाग्यातून जातो, दुसरा कोरड्या पेटीत ठेवलेल्या धाग्यातून. पाण्यात कुठं आवाज झाला की पाणी धाग्याला किंचित दाबतं आणि त्यातला उजेड इवलासा मागंपुढं सरकतो. शेवटी दोन्ही वाटे एकत्र आणले की तो फरक दिसतो, कागदावर रेघ हलते. आमचे साहेब हे समजावताना हातवारे करत. मला ते फार पटकन कळलं. साहेबांना वाटलं मी हुशार आहे. मी त्यांना पहारीचं काही सांगितलं नाही.

धागा नळकांड्यावर गुंडाळायचं काम माझ्याकडं होतं. एकावर एक न चढता, न ताणता, शेकडो वेढे. जरा हात चुकला की तुटायचा, आणि तुकडा बोटात शिरला की दिसायचाच नाही, फक्त ठसठसायचा. संध्याकाळी खोलीवर जाऊन मी दिव्याखाली बोटं धरून काचा काढत बसायचे. त्या शहरात सहा-सहा महिने पाऊस. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. शेजारणी पावसाला कंटाळायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायला उठायचे. आगाऊपणा होता तो, पण माझ्याच्यानं ऐकवायचं नाही.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला विहीर मंजूर झाली. आमची स्वतःची. ओव्हरसियर येऊन चुन्याची रेघ मारून गेला तेव्हा बायका त्या रेघेभोवती उभ्याच राहिल्या, कुणी पाय देईना. खडी फोडणारी वस्तीतली माणसं विहिरीवर आली. तीस हात खोल गेलो आणि काळा, अखंड खडक लागला. ओलीचा पत्ता नाही. गावातल्या सोसायटीचे चेअरमन एक दिवस काठावर येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर म्हणाला, "आठ दिवस देतो. पाणी लागलं तर ठीक, नाहीतर काम बंद आणि माणसं परत खडीवर." मग पुन्हा विहीर कधी मंजूर होईल, हे कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना ते माहीत होतं.

दादा पहार घेऊन खाली उतरले. पश्चिमेच्या अंगाला बसले, बराच वेळ. बोट हललं नाही. उत्तरेला बसले. मग पूर्वेच्या अंगाला एक बारीक भेग होती, तिथं पहार रोवली, दाताखाली धरली आणि थोड्याच वेळात बोट वर गेलं. खाली आलं. परत वर. काठावर कुणीतरी हुंदका दिला. दादा वर आले, तोंडाला लोखंडाचा गंज लागलेला, आणि म्हणाले, "पूर्वेला हाय. लांब हाय, पर हाय." मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. तोवर त्यांनी लोकांच्या विहिरींचं पाणी ऐकलं होतं, हे पहिल्यांदाच घरचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खात्री करायला उतरले. मी पश्चिमेच्या काठावर उभी होते. सगळी वस्ती वाकून खाली बघत होती. वाकून वाकून पाठ अवघडली म्हणून मी मान वर केली आणि समोर टेकाडावरची गावची विहीर दिसली. बायका पाणी शेंदत होत्या. एकीनं दोर सोडला, तो सरसरत गेला आणि ढिला पडला. तिकडं पाणी इतकं खाली गेलं होतं की पितळी पोहरा तळाच्या खडकावरच आपटायचा. दोर ढिला पडला आणि मी सहज खाली पाहिलं, तर दादांचं बोट वर गेलं होतं. मी परत वर पाहिलं. तिनं पोहरा ओढून घेतला, दुसरीनं दोर सोडला. ढिला पडला. बोट वर गेलं. मी असं किती वेळा केलं ते मोजलं नाही. एकदाही चूक झाली नाही. मग ऊन तापलं, बायका घरोघर गेल्या, टेकाड रिकामं झालं आणि दादांचं बोट गुडघ्यावर तसंच पडून राहिलं. ते डोळे मिटून वाट बघत होते.

खडकात पाणी नव्हतं. होते ते पोहरे. ज्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती तिच्यातले पोहरे दादा दातांनी ऐकत होते. हे त्या काठावर फक्त मला कळलं होतं.

आणि मी बोलले नाही. का नाही बोललीस, असं मी स्वतःला पन्नास वर्षं विचारते आणि दर वेळी उत्तर थोडं बदलून देते. दादा तळाशी होते, सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. सगळ्या वस्तीसमोर बापाला चुकीचं ठरवायचं, तेही टेकाडावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, हे माझ्यानं झालं नाही. मग वाटलं, रात्री घरी समोर बसून सांगू, ओठांवरून कळेल त्यांना. रात्री ते जेवता जेवता मायला म्हणाले, "तुला आता नदीवर जावं लागायचं न्हाय." मायनं त्यांच्या ताटात स्वतःची अर्धी भाकर टाकली. मी पाणी प्याले आणि झोपले. खरं सांगायचं तर मला वाटलं, या माणसाला हे सोसणार नाही. कान गेले, आता हेही गेलं तर उरणार काय? सतरा वर्षांच्या पोरीनं बापाचं मोजमाप करून टाकलं होतं.

गडी पूर्वेच्या भिंतीत आडवं खणत गेले. सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायची तर भोकात थोडं थोडं पाणी ओतावं लागतं, नाहीतर छिन्नी तापते. ते पाणी मायनं आणि इतर बायकांनी नदीवरून आणलेलं. पिण्याचं पाणी त्या भोकांत गेलं आणि कुणी कुरकुरलं नाही. दोन सुरुंग उडाले. धूळ बसल्यावर गडी खाली उतरले आणि ओरडले, भिंत ओली आहे. खरंच ओली होती. बायका रडल्या, कुणी पेढ्यांऐवजी गूळ वाटला. दादांनी घाईनं तिसरा सुरुंग भरला, मोठा. तो उडाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोरडी ठणठणीत. आमच्याच घागरींची ओल होती ती, रात्रीतून वाळली. पण वस्तीनं एकच गोष्ट धरली, आणि आमच्याकडं ती सगळे मानतात, की मोठ्या सुरुंगाला भिऊन पाणी पळतं. दादांनीच पाणी पळवलं. आठव्या दिवशी ओव्हरसियरनं काम बंद केलं.

माणसं खडीवर परत गेली. दादा पहार घेऊन पुन्हा कुणाच्या विहिरीत उतरले नाहीत. मला वाटायचं, दात हलायला लागले असतील म्हणून. जूनमध्ये माझा निकाल लागला, पास झाले, हेडमास्तरांनी घरी येऊन शिष्यवृत्तीचा कागद दिला. त्या दिवशी माय नदीवरून आली, डोक्यावरची अर्धीच भरलेली घागर दारात उतरवली आणि दादांच्या समोर जाऊन म्हणाली, "पळवलंत तुमी. आता पोरीला वाटंला लावायला घागरभर पानी बी न्हाय घरात." ती काही वाईट बाई नव्हती. थकलेली होती. पण ते वाक्य तिच्या तोंडात बसलं. दोन उन्हाळे ती नदीवर जात राहिली आणि येऊन तेच म्हणत राहिली, कधी चिडून, कधी नुसतंच. तिसऱ्या वर्षी बोअर घ्यायला सरकारी मशीन आलं. मशीनवाल्यांनी आमच्या मेल्या विहिरीच्या पश्चिमेला, दहा पावलांवर, छिद्र घेतलं आणि साठ फुटांवर पाणी लागलं. हापसा बसला. तेव्हाही कुणी म्हणालं, बघा, इथवर पळून आलं होतं. मी तेव्हा वसतिगृहात होते. माझ्या पत्राला उत्तर म्हणून भावानं हे सगळं लिहिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, दादा कुणाशी फार बोलत नाहीत.

माय मी नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी गेली. पोटाचं दुखणं होतं. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी प्रयोगशाळेत एक गंमत झाली. आम्ही आवारातल्या टाकीत धागा बुडवून ठेवला होता. आवाज काहीच सोडला नव्हता, तरी कागदावरची रेघ मधूनच हलायची, ठरावीक लयीत. तीन दिवस सगळे त्यावर तुटून पडले होते. साहेबांनी एक उपपत्ती मांडली, लेखाचा कच्चा मसुदाही लिहायला घेतला. तिसऱ्या दुपारी मी खिडकीजवळ उभी होते. पंपघराचा लाल दिवा लागला, रेघ हलली. विझला, रेघ थांबली. पुन्हा लागला. मी म्हटलं, "साहेब, ती गच्चीवर पाणी चढवणारी मोटर आहे." साहेब उठले, जाऊन मोटर बंद करवली, परत आले. रेघ सरळ. त्यांनी मसुदा घडी करून खिशात घातला. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. दिल्लीला दाखवून नाक कापून घेतलं असतं आपण." मग चहा मागवला. मलाही दिला. एक बिस्किट जास्त घेतलं त्यांनी, बस.

मी सामानाच्या खोलीत जाऊन, दार लावून, अगदी गावाकडच्या बायका रडतात तशी रडले. माणूस चुकला, त्याला कुणीतरी सांगितलं, आणि त्यानं चहा घेतला. इतकं साधं होतं ते. दादा तर साहेबांपेक्षा कितीतरी खमके होते. विहिरीच्या तळाशी, अंगावर दरड येईल का नाही याचा भरवसा नसताना ते तासन्‌तास बसायचे. मी ओरडले असते तर त्यांनी पहार उचलली असती आणि दुसऱ्या अंगाला जाऊन बसले असते. मी त्यांना बिचारं समजले, हा माझा गुन्हा.

त्याच मेमध्ये रजा काढून मी गावी गेले. येरमाळ्याला एसटी बंद पडली, तिथं हॉटेलात दोन तास बसले आणि मनाशी वाक्यं जुळवत राहिले. कशी सुरुवात करायची, कुठं थांबायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, हापशावर कुणी नसताना, दादांना मेल्या विहिरीवर घेऊन गेले. विहिरीत अर्ध्यापर्यंत दगड-माती भरली होती, आत बाभूळ उगवली होती. दादा आता साफ बहिरे झाले होते आणि नजरही मंद झाली होती, म्हणून ओठ बघायलाही त्यांना अगदी जवळ यावं लागायचं. मी त्यांच्या समोर बसले. एक बोट वर केलं, टेकाडावरच्या विहिरीकडं हात केला, दोर सोडल्याची खूण केली. त्यांना कळेना. शेवटी मी ओरडलेच.

"दादा, तवा तुमी ऐकलं ते पानी न्हवतं. वरच्या विहिरीचे पोहरे व्हते. तळाला आपटायचे."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग टेकाडाकडं. मी तयारीत होते, ते चिडतील, नाहीतर खचतील. ते म्हणाले, "मग पानी पळालं ते?"

"पळालंच न्हाय. पूर्वेला पानी न्हवतंच. भिंत ओली झाली ती आपल्याच घागरीनं."

"म्हंजी म्या पळवलं न्हाय?"

"न्हाय दादा."

"पुन्यांदा बोल."

मी पुन्हा ओरडले. त्यांनी हात धरून मला आणखी जवळ ओढलं आणि परत विचारलं, परत मी सांगितलं. मला तोवर हे सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांची चूक झाकत होते, आणि ते इतकी वर्षं समजत होते की वस्तीचं पाणी त्यांच्या हातानं गेलं.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"त्याच दिवसापासनं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पटक्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले, मग नाक पुसलं आणि विहिरीतल्या बाभळीकडं बघत बसले. मग बोलले, आणि बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून फार मोठ्यानं बोलले.

"शेवटच्या दुखण्यात तुजी माय मला कायतरी सांगत व्हती. लई येळ वठ हलत व्हते तिचे. म्या तोंडाकडं बघितलंच न्हाय, सुमे. म्हनलं, पुन्यांदा पान्याचंच काढंल."